उकळलेलं पाणी गप्प बसलं

जुन्या वर्तमानपत्रांपासून पुन्हा न्यूजप्रिंट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होते. लांबलेला शटडाऊन संपून प्लान्ट सुरू झाला आणि पहिल्याच शिफ्टमध्ये लगद्याचा ब्राइटनेस, म्हणजे पांढरेपणा, घसरला. हँडशीट, म्हणजे लगद्याचे तपासणीसाठी बनवलेले नमुना कागद, पिवळट येऊ लागल्या.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू जोडून ठेवणारं द्रव्य, बरंचसं तसंच राहिलेलं असतं. शाई सुटावी म्हणून पल्परमध्ये, म्हणजे रद्दीचा लगदा करणाऱ्या यंत्रात, कॉस्टिक सोडा घातला की लिग्निन पिवळं पडतं, आणि ते पडू नये म्हणून सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. डोसिंग पंप तपासला, व्यवस्थित चालू. टाकीतल्या पेरॉक्साइडची तीव्रताही 50 टक्के, म्हणजे हवी तेवढीच भरली.

मग पल्परमधला लगदा पिळून त्या पाण्याचं टायट्रेशन लावलं. आम्ल, पोटॅशियम आयोडाइड, थोडं मॉलिब्डेट. पेरॉक्साइड शिल्लक असेल तर आयोडीन सुटतं आणि स्टार्चने निळंशार होतं. इथे रंगच आला नाही. नुकतंच घातलेलं पेरॉक्साइड सगळं संपलं होतं!

"मॅडम, डोस वाढवू का?" ऑपरेटर काकांनी विचारलं.

"काका, आधी ते कोण खातंय ते बघू."

लोह, मँगनीज, तांबं यांच्या संगतीत पेरॉक्साइड फुकट फुटतं, पण त्या धातूंना आवरायला सिलिकेट आणि डीटीपीए ही रसायनं जातच होती. मला संशय बॅकवॉटरचा, म्हणजे लगद्यातून निथळून पुन्हा वापरात येणाऱ्या पाण्याचा होता. उबदार, स्टार्च मिसळलेलं पाणी टाकीत साचून राहिलं की जिवाणू वाढतात, आणि त्यांच्यातलं कॅटालेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर पेरॉक्साइड घातल्यावर फेस येतो, तोही रक्तातल्या याच विकरामुळे.

बॅकवॉटरचे दोन बीकर घेतले. एक उकळून गार केला, दुसरा तसाच ठेवला. दोन्हींत सारखं पेरॉक्साइड टाकलं. न उकळलेल्या पाण्यातून बुडबुडे उसळले, उकळलेलं गप्प. धातू उकळून नाहीसे होत नाहीत, विकर मात्र निकामी होतं. त्या दोन बीकरांइतका स्पष्ट पुरावा मी कारखान्यात क्वचितच पाहिला आहे.

डोस वाढवला असता तर जिवाणूंनी तोही खाल्ला असता. मी आधी कॉस्टिक कमी करायला सांगितलं, कारण पेरॉक्साइडशिवाय ते लगद्याचं नुकसानच करत होतं. मग प्लान्ट थांबवून बॅकवॉटरच्या टाक्या रिकाम्या केल्या. भिंतींवरचा बुळबुळीत थर खरवडून काढायला माणसांना रात्रभर खपावं लागलं, आणि ते काम खरंच कष्टाचं होतं. ताजं पाणी भरलं, जिवाणू मारणारं बायोसाइड घातलं. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये निळा रंग आला, आणि संध्याकाळपर्यंत ब्राइटनेसही जागेवर.

आता शटडाऊननंतर रद्दी पल्परमध्ये पडण्याआधी मी बॅकवॉटरचे ते दोन बीकर लावते.