तापीकाठ ते तोरणमाळ: खानदेशातील सायकलवाटा

खानदेशात सायकल चालवायची म्हटली की बाहेरचे लोक पहिल्यांदा उन्हाचे नाव काढतात, आणि ते रास्तच आहे, कारण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. परंतु कार्तिक सरल्यापासून माघापर्यंतचे दिवस इतके स्वच्छ आणि सकाळी इतके थंड असतात की त्या काळात या मुलखासारखी सायकलीची जागा शोधूनही सापडणार नाही. आम्ही याच दिवसांत जळगावहून निघून तोरणमाळपर्यंत गेलो. गटात रोज सराव करणारे तरुण होते, रेल्वेतून निवृत्त झालेले भुसावळचे एक काका होते आणि शहराबाहेर पहिल्यांदाच सायकल काढणाऱ्या दोन शिक्षिकाही होत्या. सर्वांना झेपेल असा एकच मार्ग आखण्याऐवजी आम्ही दुपारच्या जेवणाचे ठिकाण एक ठेवले आणि तिथपर्यंत कोणी किती सायकल चालवायची हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले. मिश्र गटासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते.

मार्ग निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे सोपे होते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी या खोऱ्याची ठेवण आहे. त्यामुळे नदीला समांतर जाणारा रस्ता बहुतेक सपाट असतो आणि सातपुड्याकडे वळलेला रस्ता आज ना उद्या चढाला लागतो. याला अपवाद फक्त नदीनाल्यांचा. तापीच्या काठची गाळाची माती पाण्याने खोलवर कापली गेल्यामुळे पुलाकडे जाताना उतार आणि पूल ओलांडल्यावर चढ बहुधा येतोच. तिथे आधीच गिअर हलका करून ठेवावा.

नवख्यांसाठी जळगाव, आसोदा, भादली आणि परत हा फेरा पुरेसा आहे. जाऊन-येऊन अंतर २५ किलोमीटरच्या आसपास भरते आणि दमल्यास अर्ध्यातून फिरता येते. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. गावाबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी, केळी आणि मधूनच वांग्यांचे वावर दिसते. येथील भरिताच्या वांग्यांची कीर्ती आता सर्वांना ठाऊक आहे. भरीत आणि कळण्याची भाकरी मात्र सायकल चालवून झाल्यावरच खावी. शेवभाजीची तर्री पोटात घेऊन उन्हात पायडल मारणे हा शहाणपणा नव्हे, हे आमच्यातील एका तरुणाने सर्वांच्या वतीने सिद्ध केले.

मध्यम तयारीच्या लोकांनी जळगावहून ममुराबाद, विदगाव या मार्गाने तापी ओलांडावी आणि धानोऱ्यावरून अडावदपर्यंत जावे. अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव हे गरम पाण्याचे कुंड आहे. शरभंग ऋषींची कथा या जागेला जोडलेली असून गोमुखातून कोमट पाण्याची धार सतत पडत असते. थंडीच्या दिवसांत थकलेल्या पोटऱ्यांना या पाण्यासारखे दुसरे औषध नाही. विदगावच्या पुलाच्या पुढे केळीचे बाग सुरू होतात. रस्त्याच्या कडेला बागांची इतकी दाट भिंत उभी असते की वारा लागत नाही आणि सावली मात्र मिळते. या भागात कांदेबागाची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावल्या जाणाऱ्या केळीची, लागवड मोठी असल्यामुळे हिवाळ्यात लहान रोपे आणि उंच झालेले बाग असे दोन्ही शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. घड कापून झालेल्या बागांमधील खांब आणि पाने कधी कधी रस्त्याच्या कडेलाच टाकलेली असतात. ती कुजली की त्यांचा चिकट गाळ होतो, आणि सकाळच्या दवाने ओल्या झालेल्या त्या गाळावर पातळ टायर हमखास घसरतो. अशा ठिकाणी ब्रेक न दाबता सरळ निघून जावे.

खरा शत्रू मात्र काटा आहे. रस्त्याकडेच्या बाभळींचा पांढरा काटा टायरमध्ये आरपार जातो आणि सराट्याचे गोखरू तर डांबराच्या काठावर पसरलेलेच असतात. समोरून ट्रक आला म्हणून साइडपट्टीवर उतरलात की दोन-चार सराटे टायरला लागलेच म्हणून समजा. तेवीस-पंचवीस मिलिमीटरचे शर्यतीचे टायर इकडे आणूच नयेत. २८ किंवा ३२ मिलिमीटरचे, जाड तळाचे टायर आणि ट्यूबमध्ये सीलंट असावे. पंक्चर काढताना केवळ ट्यूब बदलून भागत नाही. टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवावे, म्हणजे मोडलेल्या काट्याचे टोक हाताला लागते. ते नखाने निघत नाही, चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढावे लागते. काकांनी हे काम चिंचेच्या सावलीत बसून इतक्या निगुतीने केले की पुढे सर्वांनी आपापली चाके त्यांच्याकडेच नेली.

चोपड्याहून शिरपूरमार्गे शहाद्यापर्यंतचा टप्पा आम्ही मुद्दाम टेम्पोने केला आणि इतरांनीही तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हा मार्ग अवजड वाहतुकीचा आहे. केळीचे ट्रक, कपाशीच्या गाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या यांच्या गर्दीत सायकलस्वाराला काही पाहताही येत नाही आणि निवांत श्वासही घेता येत नाही. उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो, आणि बाहेर आलेला ऊस रस्त्यावर कुठपर्यंत लोंबतो आहे हे अंधारात कळत नाही. म्हणून पहाटे फटफटण्यापूर्वी आणि सूर्यास्तानंतर या पट्ट्यात सायकल चालवूच नये. नव्या रुंद झालेल्या रस्त्यांवरही हा नियम पाळावा, कारण तिथे वाहनांचा वेगच अधिक असतो.

शहाद्याला मुक्काम केल्यास एक दिवस सोपा ठेवता येतो. तेथून प्रकाशा १५ किलोमीटरच्या आसपास आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या गावाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचे मंदिर आणि घाट पाहण्यासारखे आहेतच, शिवाय १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननात येथे ताम्रपाषाणयुगातील वस्तीचे अवशेष मिळाले होते. शिक्षिकांनी हा टप्पा कोणाच्याही मदतीविना पूर्ण केला. दुसरा पर्याय सारंगखेड्याचा. मात्र दत्तजयंतीपासून तेथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा रस्त्यावर इतकी गर्दी होते की त्या दिवसांत सायकल खोलीवर ठेवून पायीच यात्रा पाहावी.

आता तोरणमाळ. शहाद्याहून अंतर ५० ते ५५ किलोमीटर, परंतु हा आकडा फसवा आहे. शहादा तापीच्या खोऱ्यात आणि तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून अधिक उंचीवर, म्हणजे ढोबळ मानाने एक हजार मीटरची चढाई, आणि तीही जवळजवळ सगळी शेवटच्या भागात. म्हसावद आणि राणीपूरपर्यंत पाय मोकळे होतात. या टप्प्यात घाई करणारे पुढे घाटात थांबलेले दिसतात. राणीपूरनंतर साग आणि बांबू दिसू लागतात, पाड्यांवरची कुडाच्या भिंतींची घरे येतात आणि पावरी बोली कानावर पडते. सातपायरी घाटात वळणे इतकी जवळजवळ आहेत की वरून पाहिले असता आपण आत्ताच आलो तो रस्ता पायाखाली घड्या घालून ठेवल्यासारखा दिसतो. ज्यांच्या सायकलीला पुढे ३४ आणि मागे निदान ३२ दात्यांची चक्रे आहेत त्यांनीच हा घाट चढावा. इतरांनी राणीपूरहून गाडीने वर जावे, त्यात काही कमीपणा नाही. गटातील काका तसेच गेले आणि आमच्याआधी यशवंत तलावाच्या काठी चहा सांगून बसले होते.

राणीपूरला पाणी पूर्ण भरून घ्यावे, कारण पुढे भरवशाचे दुकान दिसले नाही. गूळ-शेंगदाणे, केळी आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी एवढे पुरते. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नये, आणि सर्वात मागे असणाऱ्याची वाट कोणत्या वळणावर पाहायची हे खालीच ठरवावे. पाड्यांवरची मुले हात हलवतात, सोबत धावतात. त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेनिमित्त मध्य प्रदेशातूनही भाविक येतात आणि होळीपूर्वी पायथ्याच्या गावांमध्ये भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा घाट चढायला निघू नये. वर मुक्कामाची सोय मर्यादित असल्याने खोली आधीच ठरवून ठेवावी. खाली शहाद्यात हलकी चादर पुरते, वर मात्र डिसेंबरात स्वेटर आणि कानटोपी लागतेच.

उतरणे चढण्यापेक्षा जोखमीचे आहे. रिम ब्रेक असलेल्यांनी ब्रेक सतत दाबून न धरता पुढचा-मागचा आलटून-पालटून वापरावा आणि मध्ये थांबून रिम निवू द्यावी. वळणावर घसरलेली खडी असते, समोरून जीप येते, आणि जीपच्या मागे लोंबकळणाऱ्या माणसांमुळे तिची रुंदी आपल्या अंदाजापेक्षा जास्त असते. दव वाळल्यावर, नऊच्या पुढे उतरायला सुरुवात करावी.

परतीसाठी शहाद्याला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार किंवा दोंडाईचा ही जवळची स्थानके आहेत. सायकल लगेजमध्ये पाठवायची असल्यास गाडीच्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे, पायडल काढून हँडल आडवे फिरवून बांधावे आणि पावती जपून ठेवावी. आमच्यातील ज्यांना घाटाने पुरते दमवले होते ते नंदुरबारहून गाडीने जळगावला गेले. उरलेल्यांनी सायकली टेम्पोत टाकल्या.