साडेशेहेचाळीस इंचांची हौस फिटली

काल रात्री गोल्फ क्लबचा शाफ्ट, म्हणजे दांडा, कापला. मागच्या नोंदीत दीड इंच लांब करून ज्याचं एवढं कौतुक केलं होतं तो 46.5 इंची ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) आता 44.5 चा झालाय. दीड इंचाचा एक्स्टेंडर (लांबी वाढवणारा जोडतुकडा) आणि त्याला चिकटलेलं अर्धा इंच ग्रॅफाइट टेबलावर पडलंय, फेकवत नाहीये.

मूळ आकडे असे: 45 इंच, हेड (चेंडूला लागणारं टोक) 200 ग्रॅम, स्विंगवेट डी2 (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, डी9 नंतर ई0 येतं), वीस चेंडूंची सरासरी बॉल स्पीड ताशी 137 मैल. दीड इंच वाढवला आणि फिरण्याचा वेग तोच राहिला, तर नुसत्या क्लबच्या लांबीच्या हिशोबाने हेड स्पीड सव्वातीनेक टक्क्यांनी वाढायला हवा. अमेरिकन गोल्फर फिल मिकेलसनने 2021 ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नाशीत, 47.9 इंची ड्रायव्हरने जिंकली, हेही डोक्यात होतंच. त्याच्या पुढच्या वर्षी पीजीए टूरने (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) 46 इंचांची मर्यादा आणली, पण आमच्या रविवारच्या चौघांत टेप घेऊन कोण उभं राहतंय!

गच्चीवरच्या नेटमध्ये वीस चेंडू मारले. वेग मोजणाऱ्या रडार बॉक्सवर सरासरी 133. चार मैल वाढायच्या ऐवजी चार मैल गेले.

पहिला संशय चेंडूंवर, कारण सरावाच्या रेंजवरचे दोन-तीन झिजलेले चेंडू टोपलीत घुसले होते. ते काढून एकाच डब्यातले बारा चेंडू आलटून पालटून मारले. तेच. मग एक्स्टेंडर. ऑनलाइन मागवलेला तुकडा बटमध्ये (शाफ्टच्या वरच्या टोकात) सैल बसला होता, मी टेप गुंडाळून इपॉक्सीने भरला होता, आणि क्लब खाली येताना बारीकशी टकटक ऐकू यायची. ग्रिप सोलली, पुन्हा चिकटवला, चोवीस तास हात लावला नाही. टकटक गेली, आकडा तिथेच. (विक्रेत्याने परतीला नकार दिला. पुढचा एक्स्टेंडर व्हर्नियर लावून समोरच घेणार.) तिसऱ्या दिवशी फेसला (हेडचा चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग) चीर गेलीय का म्हणून टॉर्च घेऊन बसलो, तेव्हा बायकोने "झोपायचंय का?" एवढंच विचारलं.

शेवटी अक्कल आली आणि फेसवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवला. आठ रुपयांचं काम, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वीसपैकी चौदा ठसे हीलकडे (फेसच्या शाफ्टजवळच्या बाजूला), मधल्या बिंदूपासून दीड सेंटिमीटरच्या आसपास. दीड इंच लांबीने स्विंगवेट नऊ पॉइंट चढून ई1 झालं होतं. एवढं जड टोक मला वेळेवर आणता येत नव्हतं, आणि मी नकळत चेंडूच्या जवळ उभा राहत होतो. वेग वाढला तरी तो चेंडूपर्यंत पोचतच नव्हता.

मग हेड हलकं केलं. हेडच्या मागचा वजनाचा 12 ग्रॅमचा स्क्रू काढून 2 ग्रॅमचा लावला. हेड 190, स्विंगवेट डी6. बॉक्सवर हेड स्पीड 97 दिसला, पूर्वी 94 असायचा. बॉल स्पीड मात्र 136.

इथे गणिताकडे वळलो. फेसचा सीओआर (उसळीचा गुणांक) 0.83 धरला, चेंडू 45.93 ग्रॅमचा, तर अगदी मधोमध लागलेल्या चेंडूला 200 ग्रॅमचं हेड जास्तीत जास्त 1.49 स्मॅश (बॉल स्पीड भागिले हेड स्पीड) देतं. 190 चं हेड 1.47. म्हणजे दहा ग्रॅम कमी केल्याने एक टक्का आपणच सोडून दिला, आणि लॉफ्टमुळे (फेसच्या तिरपेपणामुळे) जातो तो वेगळाच. माझ्या रडार बॉक्सने मधेच दोनदा 1.53 दाखवला होता, तेव्हा मी खूश झालो होतो. आता कळलं की तो हेड स्पीड कमी मोजत होता. बॉल स्पीडच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवा, हेड स्पीडच्या बाबतीत अर्धाच. आणि स्मॅशचा स्क्रीनशॉट कोणाला पाठवू नका.

तेव्हा उलट दिशेला गेलो. मास्किंग टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने 44.5 वर कापला (टेप न लावता कापलं तर ग्रॅफाइटचे धागे उसवतात, मागे एक शाफ्ट असाच वाया घालवलाय). 12 चा स्क्रू परत लावला, सोलवर (हेडच्या तळाला) आठ ग्रॅम लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी, लावली. हेड 208, स्विंगवेट डी3. स्विंगवेटचा तराजू माझ्याकडे नाही. क्लबचा तोल ग्रिपच्या टोकापासून किती इंचांवर राहतो ते लाकडी पट्टीवर पाहायचं, त्यातून 14 इंच वजा करायचे आणि किचनच्या काट्यावरच्या वजनाला गुणायचं. इंच-औंसात उत्तर 213.5 आलं की डी0, पुढे दर 1.75 ला एक पॉइंट. हजारो रुपयांच्या तराजूपेक्षा हे मला आवडतं.

हेड स्पीड 93. बॉल स्पीड 138.

एका मैलाच्या फरकावर मी पेढे वाटणार नाही. पण वीसातला सर्वात वाईट चेंडू 131 चा होता, लांब ड्रायव्हरवर तो 117 पर्यंत घसरला होता. मार्करचे ठसे आता एका रुपयाच्या नाण्याखाली मावतात. त्या नाण्याकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

पुढचा बेत 44 इंचांचा होता. पण हे लिहितानाच एक गोष्ट दिसली. नाण्याचा मध्य अजूनही चार-पाच मिलिमीटर हीलकडे आहे, आणि मी टेप सोलच्या मधोमध लावलीय. तीच आठ ग्रॅम हीलला, मध्यापासून पाच सेंटिमीटरवर लावली, तर गुरुत्वमध्य जवळजवळ दोन मिलिमीटर माझ्या ठशांकडे सरकेल. मग आणखी कापायची गरजच काय? चेंडू थोडा ड्रॉ होईल, म्हणजे आत वळेल. बाहेर जाणाऱ्या माझ्या स्लाइसला ते चालेल.

44 रद्द. शनिवारी आधी टेप सोलतो. टर्पेंटाइन आहे घरात, हेअर ड्रायर मागावा लागेल.