तसबिरींच्या दुकानातून स्पॉटवर : आमची वाटचाल

कोल्हापुरात चित्रकाराला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, पण फ्रेमवाल्याला चित्रकार गिऱ्हाईक हमखास मिळतो. इथले थोर निसर्गचित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले. ते रंगवत त्या कोटितीर्थ तळ्याच्या गावात स्पॉटवर जाऊन रंगवायची खोड मात्र अजून गेलेली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर चक्कर मारा, कुणीतरी स्टँड लावून बसलेलं दिसेलच. आमचा धंदा या मंडळींच्या जिवावर उभा राहिला.

वडील फोटो आणि देवांच्या तसबिरी फ्रेम करायचे. चित्रकार स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट, मागायला लागले तेव्हा ते काम मी अंगावर घेतलं. ओल्या लाकडाची चौकट पीळ खाते आणि मग चित्र भिंतीवर सरळ बसत नाही, म्हणून लाकूड आधी नीट वाळवतो. पट्टीची आतली कड रंध्यानं उतरती करतो, नाहीतर तिची रेघ कॅनव्हासवर उमटते. कोपरे खिळे मारून पक्के न करता तिथं पाचरी बसवतो. कापड सैल पडलं की पाचर हलक्या हातानं ठोकायची, कॅनव्हास परत ताठ.

पुढं कॅनव्हासही घरचाच झाला. ऑइल कलर कोऱ्या कापडावर लावला तर त्यातलं जवसाचं तेल धाग्यात मुरतं आणि कालांतरानं कापड कडक होऊन तुटायला लागतं. मध्ये अस्तर हवंच. जुने लोक सरस लावत. पण सरस दमट हवेतलं पाणी ओढतो, आणि गगनबावड्याच्या पावसात त्याला बुरशी धरायला कितीसा वेळ लागणार? आम्ही ॲक्रिलिक प्रायमरचे हात देतो, प्रत्येक हात वाळला की पॉलिशपेपर मारतो.

खरा घाम काढला तो स्पॉटवर न्यायच्या पेटीनं. तिच्यात रंग ठेवायचे आणि उघड्या झाकणावर बोर्ड टेकवून चित्र रंगवायचं. आमचा चित्रकार मोटरसायकलवर जातो आणि येताना त्याच्याजवळ ओलं चित्र असतं. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही; हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होतं. अंबर या तपकिरी रंगाचा पातळ हात लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइटचा जाड थर मात्र दिवसेंदिवस ओला राहतो. म्हणून झाकणात खाचा केल्या. दोन बोर्ड समोरासमोर सरकवायचे, रंगाला रंग लागत नाही. तळाला पाव इंची नट बसवला, त्यामुळे कॅमेऱ्याचा साधा ट्रायपॉड चालतो. पॅलेट मुद्दाम तपकिरी ठेवलं. पांढऱ्यावर मिसळलेला रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो आणि अंदाज चुकतो.

आमच्याकडं येणारे एक निवृत्त कलाशिक्षक पहिला नमुना पाहून म्हणाले, "झाकण एवढं मागं झुकू देऊ नकोस रे, ओल्या रंगावर आभाळ चमकतं, काय रंगवलंय तेच दिसत नाही." बिजागरीला अडणी लावली ती त्यांच्या सांगण्यावरून. चित्रकारांचं सगळंच ऐकायचं नसतं, ते छत्री, स्टूल, डबा सगळं एकाच पेटीत मागतात! पण सरांचं ऐकलं.

आता पुणे, कोकण, गोव्यातूनही मागणी येते. टर्पेंटाइन आम्ही विकत नाही. पेट घेणारा माल, कुरिअरवाले हात लावत नाहीत. पावसाळ्यात कॅनव्हासची ऑर्डर घेतो, पण प्रायमर पुरता वाळल्याशिवाय माल बाहेर पडत नाही. ज्यांना घाई असेल त्यांना तयार बोर्ड पाठवतो.