आश्रमशाळेतली खरूज आणि मावशींचा लेप

मी बीएएमएस, शाळा तपासणीच्या टीममध्ये. जव्हारकडच्या एका आश्रमशाळेत गेलो तर मुलींच्या होस्टेलमधल्या अर्ध्याअधिक पोरी खाजवतायत, रात्री झोपच नाही म्हणे. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला पुरळ, दोघी-तिघींचं पिकून पू झालेला. वर कुणीतरी मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आणून चोळलेली, त्यात स्टिरॉइड, म्हणजे खाज तेवढी दबते आणि खरूज पसरत राहते.

हेडसर म्हणाले अंघोळीचा आळस करतात म्हणून झालंय. मला हे ऐकवत नाही. एका गादीवर दोघी-तिघी झोपल्या, अंगाला अंग लागलं की कुणालाही होते खरूज, रोज अंघोळ करणाऱ्यालाही. सातवीतल्या एकीच्या बेचक्यात शाईपेनची शाई चोळली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, सगळी शाई गेली पण एक बारीक वाकडी निळी रेघ तशीच राहिली. म्हटलं सर, हे खरजेच्या किड्याचं बीळ, मादी कातडीच्या वरच्या थरात पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. सर वाकून बघतच राहिले.

स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, मी कडुलिंबाचा पाला नि हळद वाटून लावते, बरं वाटतं पोरींना, पण परत येतंच." मावशींचं औषध खोटं नाही, 1992 साली छापलेल्या एका अभ्यासात 814 जणांना हाच लेप लावला होता आणि 97 टक्के 3 ते 15 दिवसांत बरे झाले, तुलनेला दुसरा गट नव्हता एवढंच. पण मावशी लेप लावायच्या फक्त खाजवणाऱ्या पोरींना! पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच 4 ते 6 आठवडे जातात, तोवर ती पोरगी शांत झोपते आणि शेजारणीला देते.

म्हणून त्याच रात्री सगळ्यांना, वॉर्डन आणि मावशींनासुद्धा, मानेपासून तळपायापर्यंत 5 टक्के पर्मेथ्रिन, म्हणजे हा किडा मारणारं क्रीम. सकाळी अंघोळ, कपडे-चादरी उकळत्या पाण्यात, गाद्या तीन-चार दिवस बाजूला कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांत मरतो. आठवड्याने परत एकदा क्रीम. पू झालेल्यांना अँटिबायोटिक वेगळं. किडा मेल्यावरही खाज काही आठवडे राहते, तेव्हा मावशींना म्हटलं, तुमचा लेप आता लावा खुशाल.

भेटायला आलेली एक आई मात्र धाकट्याला कडुलिंबाचं तेल चमचाभर पाजणार होती, तिला तिथेच थांबवलं. लहान पोरांना त्याने झटके येतात, जीवही जातो. पाला अंगाला लावा, तेल पोटात अजिबात नको.