पासपार्टूखाली झाकलेले पाय

मी कोपनहेगनमध्ये कागदावरच्या चित्रांचं जतन करते. खासगी संग्रहातली जुनी पेन्सिलचित्रं बहुतेक एकच दुखणं घेऊन येतात: आम्लयुक्त पुठ्ठ्याचा पासपार्टू, म्हणजे मधे खिडकी कापलेली चित्राभोवतीची चौकट, कागदाला चिकटलेला आणि खिडकीच्या कडेने उमटलेली तपकिरी रेघ. हे चित्रही तसलंच. मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलं होतं, 'मुलगी, मोजा विणताना'. सैल सदरा, कानांवर ओढलेली टोपी, झुकलेली मान, हातात सुया. एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या चित्रकारांनी घरातल्या मुली अशाच रेखाटल्या आहेत, शिवताना, विणताना, वाचताना. शंका घ्यावी असं काहीच नव्हतं.

डिंक ओलसर करून पुठ्ठा पातळ पातीने हळूहळू सोडवला. खालचा झाकलेला पट्टा उघडा पडला: आखूड विजार, लाकडी बूट आणि बुटांशेजारी चार रेघांत उभी केलेली मेंढी. तिरपा प्रकाश टाकला तर आणखी एका मेंढीची खोडलेली पाठही दिसली. शिसं पुसलं तरी टोकाचा दाब कागदात राहतो.

मुलगा होता तो! बहुधा डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या जटलंडच्या माळावरचा. तिथल्या हर्निंग गावाच्या आसपासची जमीन इतकी हलकी की नुसत्या शेतीवर भागत नसे. म्हणून बाया, बाप्ये, पोरं सगळीच मोजे विणत आणि फेरीवाले ते गावोगाव विकत. हिवाळ्यात संध्याकाळी एखाद्या घरी जमून विणायचं आणि गोष्टी सांगायच्या. मेंढ्या राखतानाही हात रिकामे नसत. डॅनिश चित्रकार फ्रेडरिक व्हेर्मेरेनने 1855 साली रंगवलेला जटलंडचा मेंढपाळ माळावर उभा राहून विणतोच आहे. 1814 च्या कायद्याने सातव्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं झालं होतं, तरी गरिबाघरच्या पोरांचं गुरांमागे जाणं सुटलं नव्हतं.

विणकाम बाईचं, ही शहरातल्या खात्यापित्या घरांची समजूत. ती या पोरावर चिकटवली गेली आणि त्याच्या राबण्याची खूण पुठ्ठ्याखाली गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

मालकीणबाईंना फोन केला. "पण मागची ओळ आजोबांच्या हातची आहे!" त्या म्हणाल्या. मी फोटो पाठवले. जरा वेळाने त्यांचाच फोन आला, "नवी खिडकी मोठी काप. बूट दिसले पाहिजेत."

आजोबांची ओळ असलेला पुठ्ठा वेगळ्या पाकिटात घालून चित्रासोबतच ठेवला. नोंदीत लिहिलं: 'मेंढ्या राखणारा मुलगा, मोजा विणताना'.