सिगारची वही: ६१ नोंदी, त्यातल्या १५ रद्द

ओढलेल्या प्रत्येक सिगारची चव आणि शंभरपैकी गुण टिपायच्या माझ्या वहीत या रविवारी ६१वी नोंद झाली. गेल्या दिवाळीला २७ होत्या. म्हणजे आठवड्याला एकसुद्धा पडत नाही, आणि वेग मी मुद्दामच तेवढा ठेवला आहे. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो हे खरं, पण तो अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका सिगारवाल्यालाही आहेच. हे समजून उमजून करतो आहे, म्हणून मर्यादा पक्की: रविवार संध्याकाळ, गच्ची, एक नग, जवळ दुसरं कोणी नाही.

आता या खेपेची मुख्य गोष्ट. पहिल्या २७ पैकी १५ नोंदींवर मी लाल रेघ मारली. गुण चुकीचे होते. सिगार ओल्या होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

सिगार ठेवायच्या डब्यातला आर्द्रतामापक वर्षभर ६९ टक्क्यांच्या आसपास दाखवत होता. मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. जानेवारीत एकदाची मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओला रेंदा करायचा, ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात एक दिवस ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, कारण संपृक्त मिठाचं ते ठरलेलंच आहे. माझ्या मापकाने दाखवले ६६. नऊचा फरक. म्हणजे ज्याला मी ६९ समजत होतो ते ७८ होतं. पुण्यातल्या जुलैत तर त्याहूनही वर गेलं असणार.

मग जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि एकेकीचा उलगडा झाला. 'ओढ घट्ट', 'एका बाजूने जळते', 'दुसऱ्या टप्प्यात कडवट', 'तीनदा विझली'. ओलीने आतली पानं फुगतात, हवेला वाट राहत नाही, आपण जोर लावून ओढतो, टोक तापतं आणि चव कडू होते. मी मात्र ब्रँडला गुण कापत होतो.

पार्टागास सेरी डी नंबर ४ हे माझं सगळ्यात ठळक उदाहरण. ५० रिंगची रोबुस्टो, म्हणजे आखूड आणि जाड आकाराची, १२४ मिलिमीटर लांब. (रिंग हे जाडीचं माप, म्हणजे व्यासातला इंचाचा चौसष्टावा भाग, हे नव्यांसाठी.) तीन नग एकाच पेटीतले. पहिला ऑक्टोबरात ओढला: ७९ गुण, शेरा 'नुसता तिखट'. उरलेले दोन नव्या डब्यात ६५ टक्क्यांवर ठेवले. दुसरा मेमध्ये काढला. तीच सिगार, पण सुरुवातीला काळी मिरी, मग ती हळूहळू मागे सरून खाली भाजलेल्या कॉफीसारखी जाड, गोडसर चव, आणि राख दीड इंच टिकलेली. ९० दिले. तिसरा नग जपून ठेवला आहे.

नवा डबा म्हणजे स्वयंपाकघरातला चार बाजूंनी क्लिप असलेला प्लास्टिकचा डबा, आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारी दोन पाकिटं आणि स्पॅनिश सिडारच्या चार फळ्या. (नावात सिडार असला तरी तो देवदार नव्हे, महोगनीच्या कुळातला आहे.) लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारी पेटी, दिसायला सुंदर, पण आपल्याकडे एप्रिलातली कोरडी हवा आणि जुलैतली ओल या दोन्हींशी झुंजायला हा डबाच बरा पडतो. तुमचं मत वेगळं असेल तर असो, मी मात्र लाकडी पेटीकडे आता वळणार नाही.

उन्हाळ्यात एक धास्ती होती ती किड्याची. तंबाखूचा तो तपकिरी भुंगा म्हणजे हळकुंडं पोखरणारी तीच कीड. २४-२५ अंशांच्या वर अंडी उबायला लागतात आणि आमची खोली मेमध्ये ३१ वर असते. त्यामुळे आलेला प्रत्येक नग पिशवीत बांधून तीन दिवस डीप फ्रीजरला, एक दिवस खालच्या फ्रिजला, मग बाहेर. एकदम बाहेर काढला तर वरचं पान तडकतं. अजून एकही भोक दिसलेलं नाही.

पांढरी पट्टी

जूनपासून आंधळी चाचणी सुरू केली. बायको प्रत्येक सिगारच्या बँडवर, म्हणजे नाव छापलेल्या कागदी कड्यावर, पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळते, आकडा टाकते आणि यादी स्वतःकडे ठेवते. सहा रविवार, सहा नग, सगळ्या रोबुस्टो. पाद्रोनची १९६४ ॲनिव्हर्सरी मला यात फार घालायची होती, पण ती चौकोनी दाबलेली असते, बोटांना लगेच कळते. तिला वगळावं लागलं.

यादी उघडली तेव्हा कळलं की बायकोने माझ्या नकळत ओयो दे मोंतेरेय एपिक्युर नंबर २ दोनदा दिली होती. एकदा मी ९१ दिले, एकदा ८४.

हे मला बराच वेळ पचलं नाही. पेटी एक, डबा एक, मुक्काम सारखा. हाताने वळलेल्या दोन सिगारांत फरक असतोच, पण सात गुणांचा? मग दोन्ही दिवस आठवले. ८४ च्या रविवारी दुपारी मिसळ खाल्ली होती, ९१ च्या दिवशी साधा वरणभात. एपिक्युर मुळात मवाळ, साय आणि ओल्या गवताच्या वळणाची. कटाच्या तिखटावर ती कुठून उमटणार? तेव्हापासून रविवारी दुपारी वरणभात, आणि सिगारसोबत फक्त पाणी.

दुसरा निर्णय असा की शंभरपैकी गुण देणं बंद. माझ्या जिभेची चूक सात गुणांची असेल तर ८९ आणि ९१ यांत भेद करण्याचा मला अधिकार नाही. आता पाचच पायऱ्या: पुन्हा नको, चालेल, चांगली, पेटी घ्यावी, आणि राखून ठेवावी. रद्द न केलेल्या जुन्या नोंदींतले आकडे खोडले नाहीत, शेजारी पायरी लिहिली.

त्या सहांतली सर्वांत महाग सिगार 'चालेल'वर थांबली. नाव लिहीत नाही, एका नगावरून नाव घेणं योग्य नव्हे.

पातं घेऊन आत

४४व्या नोंदीला ओढायच्या ऐवजी एक निकाराग्वन नग उभा चिरला. वरचं पान म्हणजे कापा, त्याखाली सगळं बांधून ठेवणारं कापोते, आणि आत त्रिपा, म्हणजे भरण. भरणाची पानं मांडून ठेवली तर रंगांवरून वेगळी काढता आली. झाडाच्या खालच्या भागातलं वोलादो, पातळ, चवीला जवळजवळ काहीच नाही पण भुरभुर जळतं. मधलं सेको, वासाचं पान. आणि शेंड्याचं लिहेरो, उन्हात वाढलेलं, जाड, तेलकट, काळपट. एकेक पान सुटं गुंडाळून चार-चार झुरके घेतले. लिहेरोने डोळ्यांत पाणी आणलं आणि ते सारखं विझत होतं. म्हणूनच वळणारा ते नेमकं मधोमध ठेवतो, बाजूला सरकलं तर सिगार वाकडी जळते. हे वाचून माहीत होतं, पण हाताने कळणं वेगळं. एक नग वाया घालवायची तयारी असेल तर प्रत्येकाने एकदा करावं.

माझं आजोळ निपाणीकडचं. तिथल्या वखारीतला तंबाखूचा वास लहानपणापासून नाकात आहे. तो विडीचा तंबाखू, उन्हात वाळवलेला, कोरडा, नाक चुरचुरवणारा. सिगारचं पान शेडमध्ये टांगून आठवडेच्या आठवडे सावलीत वाळतं, मग ढिगात रचून आंबवतात, ढीग आतून तापतो, उलटापालट करतात, अमोनिया निघून जातो. चिरलेल्या त्या नगातून वखारीचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो शेणाने नुकत्याच सारवलेल्या ओसरीचा, त्यात किंचित काकवी.

तोच शब्द वहीत लिहिला. आधी मी इंग्रजी परीक्षणांतले शब्द उचलायचो, 'लेदर', 'सिडार', 'कोको', आणि दोन महिन्यांनी वाचताना त्यातून काहीही आठवायचं नाही. आता लिहितो: सुंठ, जायफळ, भाजलेलं सुकं खोबरं, नवी कोल्हापुरी चप्पल, तव्यावर किंचित करपलेली पोळी, ओला गोठा. माँटेक्रिस्टो नंबर ४ पुढे 'दुधातलं जायफळ, मग कोरडं लाकूड' एवढंच आहे, आणि ती संध्याकाळ जशीच्या तशी समोर येते. धूर नाकातून सोडायला शिकल्यापासून हे जमू लागलं. आधी नाक झोंबायचं. आता घोटभर धुरातला थोडाच सोडतो, बाकी तोंडाने आधीच जाऊ देतो.

५२वी नोंद तमिळनाडूतल्या साध्या चिरुटाची आहे. आपला चिरूट हा शब्दच तमिळ सुरुट्टुवरून आला, म्हणजे गुंडाळी. त्याला टोपी, म्हणजे ओढायच्या टोकावरचं पानाचं झाकण, नसते, दोन्ही टोकं कापलेली. पट्टीशिवाय ओढला, पायरी 'चालेल', आणि शेरा 'धुरकट, खारट, प्रामाणिक'.

सध्या डब्यात ११ नग आहेत. मापक, दुरुस्ती धरून, ६५ दाखवतो आहे. पुढच्या सहा रविवारांची यादी बायकोकडे गेली आहे, आणि सेरी डीचा तिसरा नग त्यात कुठेतरी पट्टीखाली आहे, एवढंच मला माहीत आहे.