आधी क्षमा, मग प्रायश्चित्त

‘आधी जरा सुधारतो, मग कन्फेशनला जातो.’ कन्फेशन म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करणं; त्याची वर्षानुवर्षं टाळाटाळ करणाऱ्या कॅथलिकांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. म्हणजे देव माफ करतो हे मान्य, पण त्याच्यासमोर जायचं ते नीटनेटकं होऊन!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायात उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाकडून घेतलेला वाटा उडवून कंगाल झालेल्या मुलाची, गोष्ट येते. ती इतक्यांदा ऐकलेली असते की त्यातली एक बारीक गोष्ट निसटते. डुकरं राखताना मुलगा बापाला सांगायचं सगळं घोकून ठेवतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला चाकर म्हणून ठेवा. प्रत्यक्षात चाकरीचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बाप नोकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला पिटाळतो. आणि धावत जाऊन मिठी मारली ती तर मुलाने तोंड उघडण्याच्याही आधी.

प्रायश्चित्त संस्काराचा, म्हणजेच कन्फेशनचा, आजचा क्रमही याच वळणाचा आहे. पाप सांगायचं, फादर प्रायश्चित्त नेमून देतात, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, मग पापक्षमा. नेमून दिलेलं प्रायश्चित्त पार पाडायचं ते बहुधा त्यानंतर. सुरुवातीच्या शतकांत हे उलट होतं. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांसाठी लोक कित्येक वर्षं सर्वांदेखत प्रायश्चित्त करत आणि शेवटी त्यांना परत सामावून घेतलं जाई. आज क्षमा हातात पडल्यावर आपण प्रायश्चित्त म्हणून नेमून दिलेली प्रार्थना म्हणतो, तेव्हा तो दंड भरल्यासारखा हिशेब मनातून काढून टाकावा.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये जा नाहीतर नवी मुंबईतल्या एखाद्या चर्चमध्ये, रीत एकच. आदल्या रात्री दहा आज्ञा समोर ठेवून दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं. आत गेल्यावर क्रुसाची खूण करून मागचं कन्फेशन केव्हा झालं ते सांगायचं. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा घडलं, एवढं पुरे. गाडी अडते ती पार्श्वभूमी सांगण्यात. सासू, बॉस, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांची पापं सांगून होतात आणि स्वतःचं राहून जातं.

‘मी देवावरच्या प्रेमाने आलोच नाही, नरकाच्या भीतीने आलोय’ ही बोचही अनेकांना असते. त्यावर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५५१ मध्येच उत्तर देऊन ठेवलंय: असा अपुरा पश्चात्तापसुद्धा या संस्कारासाठी चालतो, फक्त पाप सोडायची इच्छा हवी. पुन्हा कधीच घसरणार नाही अशी हमी कोणी मागत नाही. न घसरण्याचा इरादा मात्र खरा लागतो.

प्रेमाला अट नाही म्हणून नुकसानभरपाईही नाही, असं मात्र नव्हे. भावाच्या वाट्याची जागा लाटली असेल तर ती परत करावी लागते, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी निस्तरावी लागते. हा भाग आपल्याकडे प्रवचनांतून फारच हळू आवाजात येतो, असं माझं मत आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला असतात ते एकदा माफ झालेलं पाप दर महिन्याला नव्याने सांगणारे. सांगताना एखादं पाप खरोखरच विसरलं, तर तेही माफ झालेलं असतं. गंभीर असेल तर पुढच्या वेळी त्याचा उल्लेख करायचा, बस्स. ज्यांचं मन तरीही खात राहतं त्यांनी फादर बदलत फिरू नये. एकाच फादरकडे जावं आणि ‘हे पुन्हा सांगू नकोस’ म्हणाले की मुकाट्याने ऐकावं.

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, रांग लांब असते आणि मागचा माणूस घड्याळ बघत असतो. खूप वर्षांनी जाणार असाल तर एरवीच्या एखाद्या दिवशी पॅरिश ऑफिसात (आपल्या चर्चच्या कार्यालयात) फोन करून वेळ मागून घ्या. आत गेल्यावर ‘मला प्रार्थना आठवत नाही’ असं सरळ सांगा. फादर एकेक ओळ सांगतात, आपण मागून म्हणायची.